सन्मानाची चादर

उंबरजे सरांची मान आता उजवीकडे वळत नाही. भवानी पेठेतून सायकलवरून जाताना उजव्या हाताला कुणी ओळखीचं दिसलं, तर ते खाली उतरतात, सायकलीसकट अख्खे वळतात आणि मग नमस्कार करतात. ज्यांना कारण ठाऊक नाही त्यांना वाटतं, सर हल्ली फार ताठ झालेत. ज्यांना ठाऊक आहे ते मुद्दाम उजवीकडूनच हाक मारतात. सोलापुरात दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त आहेत.

आणि हे सगळं कशापायी, तर मुलांना लेथला हात लावता यावा म्हणून!

शिवयोगी उंबरजे हे गावातल्या एका तंत्रनिकेतनात वर्कशॉपचे प्रमुख. वर्कशॉपात एक लेथ होता. लोखंड जबड्यात घट्ट धरून गरागरा फिरवायचं आणि हत्याराने त्याला आकार द्यायचा, असं ते यंत्र. त्या जबड्याला चक म्हणतात. लेथ आला तेव्हा त्याची हलगी लावून मिरवणूक निघाली होती, संस्थेचे उपाध्यक्ष बसलिंगप्पा शेठ यांनी त्याच्यापुढे नारळ फोडला होता, आणि त्यानंतर त्याच्याभोवती जी दोरी बांधली ती बांधलीच. दोरीची राखण शिपाई ज्ञानबाकडे होती. ज्ञानबा सांगोल्याकडचा. रोज सकाळी तो लेथ पुसायचा, तेल द्यायचा, उदबत्ती ओवाळायचा आणि चकला कुंकू लावायचा. त्याच्या मते यंत्राचे शत्रू दोनच, एक गंज आणि दुसरा विद्यार्थी.

विद्यार्थी दोरीच्या अलीकडे उभे राहून लेथची आकृती काढत. आकृत्या मात्र अशा सुरेख, की बघत राहावं. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हा तांबडा ठिपका म्हणजे यंत्राचा कुठला भाग? सगळ्या वर्गाच्या वह्यांत आहे." वर्गातल्या एका हुशार मुलाने त्याचं काम काय तेही सांगितलं. उंबरजे सर त्या वेळी खिडकीबाहेर बघत उभे होते.

इतकं झालं तरी गाडं तसंच चाललं असतं. पण दुष्काळाच्या वर्षी पास झालेला त्यांचा पहिला नंबर एका गिरणीत कामाची चाचणी द्यायला गेला. तिथल्या फोरमनने त्याला लेथपुढे उभं केलं. पोराने आधी वाकून नमस्कार केला आणि मग विचारलं, "दोरी कुठाय?" ही गोष्ट फोरमनने सर्वांना सांगितली. ती चहाच्या टपरीपर्यंत आली, टपरीवरून भवानी पेठेत आली आणि सरांच्या आधी घरी पोचली. "अहो, तुमचं पोरगं म्हणे नमस्कार करून परत आलं," असं सुंदरम्मांनी ताट वाढता वाढता विचारलं, तेव्हा सरांनी हातातला घास ताटात ठेवला. वीस-एक वर्षं शिकवून आपण नमस्कार शिकवला, असं त्यांना वाटलं. ते खरंही होतं.

पुढच्या वर्षी तिसऱ्या वर्षाला श्रीमंत होता. नाव श्रीमंत, घरची मेंढरं दुष्काळात गेलेली. श्रीपूरच्या साखर कारखान्यात दिवाळीनंतर, गळीत सुरू व्हायच्या आत, वर्कशॉपसाठी दोन पोरं घेणार होते आणि त्याने अर्ज केला होता. तो एक दिवस सरांना म्हणाला, "सर, म्या लेथ डोळं झाकून काढतो. पर तितं कागुद न्हाई देणार. लोखंड देणार की."

सर उठले आणि थेट प्राचार्यांच्या खोलीत गेले.

प्राचार्य धनशेट्टी हे सज्जन गृहस्थ होते. कुठलीही गोष्ट होऊ नये एवढीच त्यांची इच्छा असे. ते म्हणाले, "उंबरजे, मुलांना हात लावू द्यायला माझी ना नाही. पण एखाद्याचं बोट गेलं तर?"

"म्हणून आधी प्रशिक्षण देऊ. सुरक्षेचं. जो पास होईल त्याला परवाना, आणि परवाना असेल त्यालाच लेथ."

"परवाना" हा शब्द ऐकून प्राचार्यांची कळी खुलली. नियम करा, समितीपुढे ठेवा, म्हणाले. सर आनंदाने घरी आले. माणसाने अशा वेळी घरी येऊ नये, सरळ सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसावं. पण हे शहाणपण नंतरचं.

सरांनी ओट्यावर बसून नियम लिहायला घेतले. पहिला नियम बुटांचा, दुसरा बाह्यांचा. तिसरा त्यांना फार आवडला: "यंत्राजवळ गळ्यात काहीही लोंबते नसावे." लोंबणारं कापड चकमध्ये गेलं की माणूसच आत जातो, हे त्यांनी शेजारच्या गुरुबसप्पांना हातवारे करून समजावलं. गुरुबसप्पांचं सुताचं दुकान होतं आणि संध्याकाळी दुसऱ्याचं काम बघणं हा त्यांचा विरंगुळा.

"एनु सर," गुरुबसप्पा म्हणाले, "मग आपल्या लिंगाचं काय?"

सर थांबले. त्यांचा हात आपोआप छातीवर गेला. इष्टलिंग अंगावरून उतरवायचं नसतं, हे उंबरज्यांच्या घरात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. ते इतकं आपलं असतं, की नियम लिहिताना ते गळ्यात आहे हेच सर विसरले होते. वर्कशॉपात निम्मी मुलं लिंगायत, आणि नियम करणाराच पहिला गुन्हेगार!

तोड काढली सासूबाईंनी. नागम्मा आतून म्हणाल्या, "दंडाला बांधा की घट्ट. अंगावर असलं म्हंजे झालं. आमचे वडील मोट हाकताना तसंच बांधायचे." इतकी साधी गोष्ट. सरांनी त्याच रात्री लिंग कापडात गुंडाळून उजव्या दंडाला बांधलं, हात वरखाली करून पाहिला आणि प्रश्न मिटला असं समजून झोपले.

प्रश्न मिटला नव्हता. गुरुबसप्पांनी तो दुकानातून पेठेत आणि पेठेतून गावात पोचवला होता. उंबरजे मास्तर पोरांच्या गळ्यातलं काढायला लावतात, अशी बोंब उठली. दुसऱ्या दिवशी तुळशीची माळ आली, तिसऱ्या दिवशी ताईत आला, मग जानवं, मग आईने बांधलेला गंडा. प्रत्येकाला सर स्वतःची बाही वर करून दंड दाखवत. बघून सगळे खूश होत आणि आपला आक्षेप कायम ठेवून जात.

समितीत प्राचार्यांनी तोडगा मांडला. "एक वाक्य जोडू. 'मात्र श्रद्धेने धारण केलेल्या वस्तूंस हे कलम लागू नाही.'"

"पण साहेब, दंडाला बांधायचं ठरलंय!"

"ते तुमचं ठरलंय. संस्थेत सगळे येतात." मग त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं. "नुसतं 'श्रद्धेने' लंगडं वाटतं. 'श्रद्धेने किंवा सन्मानाने' करा. भारदस्त होतं."

सरांनी मान हलवली. तेव्हा ती दोन्हीकडे हलत होती.

आता प्रशिक्षण. पण प्रशिक्षण झाल्याशिवाय लेथला हात लावायचा नाही, असा नियम सरांनीच केला होता, आणि लेथशिवाय लेथचं प्रशिक्षण द्यायचं कसं, हे नियमात नव्हतं. ज्ञानबाला विचारलं, तर तो दोरीपुढे आडवा उभा राहिला. "परवाना दावा, सर."

"अरे, परवाना मीच देणार आहे!"

"मंग सोताला द्या की आदी."

शेवटी सरांनी स्वतःची सायकल अंगणात उलटी ठेवली. मागचं चाक म्हणजे चक. सुंदरम्मांच्या जुन्या इरकलीचा तुकडा म्हणजे सैल कापड. एका फळीवर डब्याचं झाकण लाल रंगवून ठोकलं, ते बंद करायचं बटण. एकाने पेडल फिरवायचं, दुसऱ्याने कापड गळ्यात घालून वाकायचं, कापड चाकात जाऊ लागलं की तिसऱ्याने "बंद!" असं ओरडून झाकणावर हात मारायचा. चालू करायचं बटण फळीवर नव्हतं. ते नंतर शिकवू, आधी बंद करणं महत्त्वाचं, असं सर म्हणाले. गल्लीतल्या बायका घागरी खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या. गुरुबसप्पा म्हणाले, "सर, सायकल दुरुस्तीचा क्लास काढलाय म्हणे. माझी पण बघा की, चेन पडतीया." सरांनी पुढच्या मुलाच्या गळ्यात कापड घातलं. अपमान गिळायची त्यांना आता सवय होऊ लागली होती.

श्रीमंत मात्र या खेळात पटाईत निघाला. कापड चाकाला लागायच्या आत त्याचा हात झाकणावर. मेंढरं राखलेल्या माणसाला कुठलं मेंढरू कधी उधळणार ते आधी दिसतं, तसं त्याला कापड दिसायचं. "सर, ह्यात काय आवगड न्हाई. कापडाकडं बगायचंच न्हाई. मानसाकडं बगायचं." सायकलीचे आरे गेले, इरकल गेली, सुंदरम्मांचं बोलणं चार दिवस बंद झालं, पण मुलं पास झाली. परवाने टाइप झाले; पहिला सरांनी स्वतःला दिला. आता एकदा सरांनी खऱ्या लेथवर प्रात्यक्षिक द्यायचं, शेठच्या हस्ते परवाने वाटायचे आणि दोरी सोडायची, एवढंच राहिलं.

प्राचार्यांनी कार्यक्रम खंडेनवमीला ठेवला. यंत्राच्या पूजेला हार आणि पेढे आणावेच लागतात, त्यातच हे उरकेल असा त्यांचा हिशेब.

ज्ञानबा हादरला. "खंडेनवमीला मशीन पुजत्यात. चालवत न्हाईत."

"चालवायचं कुठं आहे?" प्राचार्य म्हणाले. "दाखवायचंय."

त्या दिवशी वर्कशॉप रांगोळीने सजलं. पुढच्या खुर्चीवर बसलिंगप्पा शेठ, बाजूला प्राचार्य, दोरीमागे मुलं. भाषणं झाली. मग शेठ उठले आणि सुरक्षेचं एवढं मोठं कार्य केल्याबद्दल त्यांनी उंबरजे सरांचा सत्कार केला. दुसरीकडे सत्काराला शाल असते. सोलापुरात चादर असते, आणि शेठचा तर चादरींचाच कारखाना. ही चादर खास विणलेली, जाडजूड, दोन्ही बाजूंनी मोर. शेठनी ती स्वतःच्या हाताने सरांच्या खांद्यावरून घेऊन गळ्याशी तिची नीट गाठ मारली, घसरू नये म्हणून.

टाळ्या झाल्या. सर लेथपाशी गेले आणि गाठ सोडू लागले.

प्राचार्य धावत आले. "अहो, काय करताय? शेठ समोर बसलेत. त्यांनी बांधलेली चादर त्यांच्या डोळ्यांदेखत उतरवता?"

"साहेब, कलम तीन."

"तेच सांगतोय मी. सन्मानाने!"

सरांनी शेठकडे पाहिलं. शेठ हात जोडून हसत होते. ज्याने लेथपुढे नारळ फोडला, दोरी ज्याच्या शब्दावर सुटणार, त्या माणसाच्या हसण्यापुढे सरांचा हात गाठीवरून खाली आला. त्यांनी चादरीची टोकं पाठीमागे टाकली आणि लेथ चालू केला. फोटोग्राफर म्हणाला, "सर, थोडं वाका की. चादर पुढं घ्या, मोर दिसंना झालाय." मोर दिसायला हवा होता. सरांनी चादर पुढे घेतली आणि ते वाकले. "तर मुलांनो," ते म्हणाले, "सैल कापड चकजवळ आलं, तर—"

तर काय होतं ते मुलांनी पाहिलं. एक मोर आधी गेला, त्यामागे दुसरा. दुसऱ्या गावची चादर असती तर टर्रकन फाटली असती आणि माणूस सुटला असता. पण ही सोलापुरी चादर होती. तिचा एक धागा तुटला नाही. सरांची हनुवटी लोखंडाला टेकली, मान वळत वळत गेली आणि तोंडातून आवाज फुटेना. प्राचार्य "थांबवा, थांबवा" असं यंत्राला सांगत होते. ज्ञानबाने देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात "बंद!" अशी आरोळी आली, श्रीमंत दोरीखालून घुसला आणि त्याचा हात लाल बटणावर पडला. चक थांबला. सरांच्या दंडावरचं लिंग मात्र जागच्या जागी होतं. नियमाचा तेवढा उपयोग झाला.

दवाखान्यात सर मानेला पट्टा बांधून पडले होते आणि भेटायला येणारे एकेक कारण ठेवून जात होते. ज्ञानबाच्या मते खंडेनवमी भोवली. नागम्मांच्या मते दंडाने वाचवलं. गुरुबसप्पा म्हणाले, "अय्यो शिवने! मी तेव्हाच सांगणार होतो." काय सांगणार होते ते त्यांनी सांगितलं नाही. शेठही आले. खरंच हळहळले. मग चादर उलगडून खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, "सर, बघा की. एक तार ढिली नाही!" आणि तिची घडी करून सरांच्या पायांवर पांघरूण म्हणून घातली. सन्मानाची होती, परत कशी नेणार?

सर बरे होईपर्यंत चौकशी समितीचं काम आटोपलं होतं. प्राचार्यांनी अहवाल पुढे सरकवला. उंबरजे यांनी बूट घातले होते, बाह्या दुमडल्या होत्या, चादर कलम तीनला धरून होती. प्राचार्य, पाहुणे, सर्वांचं वर्तन नियमानुसार. त्या दिवशी वर्कशॉपात नियमभंग एकच झाला. परवाना हाती नसताना एका विद्यार्थ्याने यंत्राला हात लावला.

सरांनी दोनदा वाचलं. "साहेब, त्याने मला वाचवलं!"

"ते कोण नाकारतंय? मी स्वतः त्याची पाठ थोपटली. पण परवाने टेबलावर होते. वाटप व्हायचं होतं."

"मी सही करणार नाही."

"करू नका," प्राचार्य मऊ आवाजात म्हणाले. "मग प्रकरण संस्थेकडे जाईल. त्याची टर्म अडकेल. तुम्ही प्रमुख म्हणून सही केलीत, तर नुसती समज देऊन मिटवता येईल. परीक्षेला बसेल तो."

उंबरजे सरांनी बाहेर पाहिलं. खिडकीतून वर्कशॉप दिसत होतं. दोरी गेली होती. तिच्या जागी छतापर्यंत लोखंडी जाळी बसवायचं काम चालू होतं. आपल्या जिवाची आपल्यालाच लाज वाटावी, अशी वेळ माणसावर येऊ नये. त्यांनी सही केली. ती त्यांची वाटतही नव्हती, पण प्राचार्यांना चालली.

दिवाळीनंतर श्रीमंतबरोबर सर श्रीपूरला गेले. त्याने बोलावलं नव्हतं. तेच म्हणाले, येतो. एस.टी.त दोघं शेजारी बसले, श्रीमंत मुद्दाम त्यांच्या डावीकडे. वाटेत उसाच्या तोडकऱ्यांच्या गाड्या लागल्या. सरांनी सही केल्याचं सांगायला तोंड उघडलं, तर श्रीमंत म्हणाला, "ठावं हाय, सर. त्ये र्‍हाऊ द्या. लोखंड कसं धरायचं तेवडं सांगा." सर श्रीपूर येईपर्यंत सांगत होते. हातात लोखंड नव्हतं, म्हणून रिकाम्या मुठीने सांगत होते.

कारखान्याच्या वर्कशॉपच्या दारात पहारेकऱ्याने सरांना अडवलं. "गळ्यातलं काढा. आत गळ्यात कायबी चालत न्हाई." सरांनी मफलर काढला. मानेवर चादरीच्या विणीचा वळ अजून स्पष्ट होता. आतल्या फोरमनने तो पाहिला आणि नजर वळवली.

लेथपुढे श्रीमंत उभा राहिला. त्याने नमस्कार केला नाही, दोरीही विचारली नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा.

"लेथवर काय काय केलंयस आजवर?" फोरमनने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. सगळी पोरं बोलत होती.

"बंद केलाय, सायेब," तो म्हणाला. "एकदा."

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. फोरमनलाही हसू आलं. "बंद? आणि चालू कोण करत होतं?"

श्रीमंतने वळून मागे पाहिलं. तो सरांच्या उजवीकडे होता, त्यामुळे त्याच्याकडे बघायला सरांना सबंध वळावं लागलं. ते वळले, तेव्हा सगळं वर्कशॉप त्यांच्याकडे बघत होतं.

"सर," श्रीमंत म्हणाला. "सर शिकवत हुते."

फोरमनने त्याला द्यायला उचललेलं लोखंड खाली ठेवलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.